आक्कांची प्लिमथ आणि माझा निकाल

आक्का,

काल तुमची तेरवी झाली. मी वड्यांची परात घेऊन पंगतीत फिरत होते. सावनेरकडचे एक पाहुणे शेजारच्याला सांगत होते, "शेवरलेटवाल्या आक्का गेल्या गा. काय थाटात जात होत्या खाप्याले!" शेजारच्यानं मान हलवली आणि म्हणाला, "तशी बाई आता होनं नाई." माझ्या हातातला वडा पानात पडायचा तो त्यांच्या कढीत पडला आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे शिंतोडे उडाले. मी माफी मागितली. मनातून मात्र मला बरंच वाटलं.

शेवरलेट तुमची कधीच नव्हती. तुमची होती ती प्लिमथ. आणि ती कुणामुळे गेली हे त्या अख्ख्या पंगतीत एकट्या मला माहीत होतं.

ह्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, पेपरात द्यायला तुमच्यावर चार ओळी लिहिल्या आहेत. जन्म कुठला, लग्न कधी, वैधव्य कधी आलं, खाप्याची संत्र्याची बाग कशी राखली. वकिलाचं लिहिणं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला वाचायला दिलं, मी "छान" म्हटलं. त्यात गाडीचं नावसुद्धा नाही. आक्कांच्या आयुष्यातून गाडी काढली तर उरलं काय, असं विचारणार होते, पण मग पुढचे प्रश्न आले असते. म्हणून हे वेगळं लिहिते आहे, तुम्हालाच.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. अमरावतीच्या मास्तराची मुलगी मी, लग्न लागेपर्यंत एसटीखेरीज कुठल्या मोटारीत बसले नव्हते. नवरानवरीसाठी उंच टपाची राखाडी गाडी मांडवाशी आली आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या पातळातली बाई. माझ्या मामांनी तिथंच खोडा घातला. विधवा बाई नव्या नवरीची गाडी चालवणार? कुणीतरी "पांढऱ्या पायाची" असं हलक्या आवाजात म्हणालं, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या हलक्या. तुम्ही चपला काढून सीटखाली सारल्या, कारण तुम्ही नेहमी अनवाणीच चालवायच्या, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालात, "पांढऱ्या पायाची तं पांढऱ्या पायाची. पन ब्रेकवर हाच पाय राहीन. ज्याले भेव वाटते त्यानं बैलबंडीनं या."

मामा मुकाट्यानं पुढच्या सीटवर बसले. आधी डोळे गच्च मिटून बसले होते, कोंढाळीच्या पुढं चक्क घोरायला लागले. मी मागे बसून तुमच्या मानेकडे बघत होते. बाईमाणसाची मान इतकी ताठ असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याकडे बघायचं सोडून नणंदेच्या मानेकडे बघत सासरी आलेली मी बहुधा एकटीच.

त्या घरात मोठ्या अमेरिकन गाड्या दोन. मामंजींची मालगुजारी गेली आणि गाड्या राहिल्या, असं तुम्हीच म्हणायच्या. काळी शेवरलेट मामंजींनी स्वतःसाठी घेतलेली. राखाडी प्लिमथ एका दुसऱ्या मालगुजाराकडून आली होती. तुम्ही लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पुसून परत आलात तेव्हा तिची किल्ली त्यांनी तुमच्या हातात ठेवली. "रडून झालं का शिकून घे," एवढंच म्हणाले म्हणे. मी आले तेव्हा ते नव्हते, पण ह्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या फोटोला आजही मनापासून हार घालते. कागदपत्रं मात्र दोन्ही गाड्यांची मुलाच्या नावावर. त्या काळात ते कुणाला खटकलं नाही, तुम्हालासुद्धा नाही.

मला गाडी तुम्ही शिकवलीत. खाप्याला, कन्हानच्या काठच्या मोकळ्या रस्त्यावर. पातळाचा घोळ पिनेनं घोट्यापाशी आवळायचा, पदर कमरेला, चपला सीटखाली. मी पहिल्याच दिवशी ब्रेक असा हाणला की तुमचं कपाळ समोर आपटलं. तुम्ही कपाळ चोळत म्हणालात, "काहून वं, साप मारून राहिली का? ब्रेक म्हंजे कनीक आहे. आधी हलका हात, मंग अंगाचं वजन. धपकन दाबशील तं गाडीबी रुसते." कणीक मला येत होती. पंधरा दिवसांत ब्रेकही आला. त्याआधी माझ्या हातात काही देऊन कुणी शेजारी शांत बसलं आहे, असं झालंच नव्हतं. आमच्याकडे बायकांच्या हातात जे काही द्यायचे ते लगेच पुसून परत ठेवायचं असायचं.

आधी प्लिमथ शिकले, मग शेवरलेट. आणि तिथून आपला वाद सुरू झाला.

सरळ रस्त्यावर शेवरलेटचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाय ठेवायचा अवकाश, ती निघालीच. कापसाच्या बंड्यांची रांग लागली की प्लिमथ मागे मागे शहाण्या सुनेसारखी चालायची आणि शेवरलेट जरा मोकळी जागा दिसली की सटकायची. तिचं इंजिन टिकटिक करत बोलायचं. प्लिमथचं चालू आहे की बंद, हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागे. शेवरलेटचं स्टिअरिंग एका हाताच्या बोटांनी फिरायचं. प्लिमथचं जड, पण पुढची चाकं कुठं आहेत, कशावर आहेत, हे तळहाताला कळायचं. शेवरलेट मऊ होती. खड्डा कळायचा नाही, पण वळण फार कळायचं, कारण वळणावर ती अंग टाकायची. प्लिमथ वळणावर जशीच्या तशी बसून राहायची, जणू रस्ता सरळच आहे. आणि ब्रेक! प्लिमथ जिथं थांबायचं तिथं, तोंड न फिरवता थांबायची. शेवरलेटला आधी सांगून ठेवावं लागे. नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोल मात्र दोघींचंही नळीतच उकळायचं आणि इंजिनातल्या पंपावर ओलं फडकं टाकून आपण बाभळीच्या सावलीला बसायचो.

हे सगळं मी आज लिहिते आहे. तेव्हा मी फक्त पहिली दोन वाक्यं बोलायची, कारण शेवरलेट ह्यांची, म्हणून माझी. तुम्ही प्लिमथवाल्या. मी म्हणायची, तुमची गाडी उभी राहिली की म्हातारी होते. तुम्ही म्हणायच्या, "तुही तं पोरगी आहे. पयते बेस, वळता येत नाई." सासूबाई दोघींना दटावायच्या, लोखंडावरून कसल्या भांडता म्हणायच्या. तोवर नागपुरात प्रताप नगरला घर झालं होतं, आजूबाजूला मोजके बंगले, आणि दारात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. येणारेजाणारे थांबून बघायचे.

मग पेट्रोल भडकलं. हे एका संध्याकाळी कोर्टातून येऊन म्हणाले, "दोन हत्ती पोसणं आता शक्य नाही. एक विकू." घरात प्रत्येकाला आपापलं दिसत होतं. प्लिमथ गेली तर तुमचं खाप्याला जाणं कुणाच्या तरी सवडीवर येणार होतं. बाग तुम्ही एकट्या बघायच्या. पाणी, फवारणी, तोडणी, सगळं. आठवड्यातून तीनदा तुम्ही त्या गाडीनं जायच्या आणि तिथं तुम्हाला आक्का मालकीण म्हणायचे. शेवरलेट गेली तर मी परत मागच्या सीटवर. तुमच्या गाडीवर तुमचा हात, त्यात मला वाटा कुठून मिळणार? माझं पारडं तुमच्या पारड्यापुढे किती हलकं होतं ते बघा. पण ते माझं होतं.

हे म्हणाले, भावनेवर नको, पुराव्यावर ठरवू. दोन्ही गाड्या सिल्लेवानीच्या घाटात नेऊन बघा. एका रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरी. त्याच वाटेवर छिंदवाड्याला सासूबाईंचं माहेर, त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. आणि त्या बरोबर हव्याच होत्या, कारण ह्या घरात गाडीची परीक्षा सासूबाईंच्या पोटावर व्हायची. त्यांना गाडी लागायची. मामंजी कुठलीही गाडी घेण्याआधी त्यांना रामटेकला फिरवून आणायचे. बाईनं ओकारी काढली नाही तर गाडी पास. दुसऱ्या कुठल्या घरी ही रीत असेल असं मला वाटत नाही. शेवरलेट त्या परीक्षेत पास झाली होती, पण रामटेकचा रस्ता सरळ, सपाट. घाट ती सासूबाईंना घेऊन कधी चढली नव्हती.

पहिला रविवार प्लिमथचा. सकाळी निघताना सासूबाईंनी कोथिंबिरीच्या चार तळलेल्या सांबारवड्या खाल्ल्या. मी वाढल्या म्हणून मला आकडा माहीत. जाताना तुम्ही चालवलंत, येताना मी. उतारावर दुसरा गिअर टाकला आणि गाडी नुसती आपल्या वजनानं, सावकाश, खाली येत राहिली. एका आंधळ्या वळणावर समोरून ट्रक आला, अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून. मी हलका हात, मग अंगाचं वजन टाकलं. प्लिमथ कडेच्या दगडाला लागून थांबली, सरळ, तोंड रस्त्याकडे. ट्रकवाला हात दाखवून निघून गेला. मागे वळून बघते तर सासूबाई जपमाळ हातात धरून झोपलेल्या.

दुसरा रविवार शेवरलेटचा. सासूबाईंनी त्या दिवशी दोनच वड्या खाल्ल्या. चढताना गाडीनं मजा आणली, मागचे सगळे मागे पडले. उतरताना मी होते. तिसऱ्याच वळणावर गाडीनं अंग टाकलं आणि सासूबाईंनी "थांबव वं, थांबव" म्हणत खिडकी गाठली. पुढं तेच आंधळं वळण. ह्या वेळी ट्रक नव्हता, बैलबंडी होती. मी ब्रेक दाबला, गाडी थांबायच्या आधी दरीकडे तोंड करायला लागली. तेवढ्यात तुमचा हात आला. हात कसला, दोन बोटं. स्टिअरिंगला खालून दोन बोटं लावून तुम्ही गाडी सरळ केलीत आणि हात परत मांडीवर ठेवलात. सासूबाई मागे तोंड पुसत होत्या, त्यांना काही कळलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. समोर बघत हळूच म्हणालात, "वळनात नाई वं. वळनाच्या आधी."

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी पाट सोडला नाही, ताटावरच खटला उभा केला. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "माही गाडी आहे गा बापू, मी कशी सांगू? सुमन दोन्ही चालवते. ती म्हनीन ते खरं."

आक्का, ते वाक्य तुम्ही बोलायला नको होतं. दोन बोटांची गोष्ट तुम्ही सांगितली असती तर खटला तिथंच संपला असता. तुम्ही सांगितली नाहीत, कारण मग बापूनं मला परत स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की सगळे माझ्याकडे बघताहेत आणि पहिल्यांदाच माझ्या एका शब्दावर काहीतरी ठरणार आहे.

मी म्हटलं, "शेवरलेट."

कारणंही दिली. वेग आहे, खरं. स्टिअरिंग हलकं आहे, खरं. मग म्हटलं, वळणावरही तीच चांगली बसते. हे धडधडीत खोटं. सासूबाई म्हणाल्या, अगं, पण मला तर तीच लागली. मी म्हटलं, "तुम्ही सकाळी सांबारवड्या खाल्ल्या होत्या, तळलेलं पोटात होतं, गाडीचा काय दोष?" आदल्या रविवारच्या चार वड्या मी गिळून टाकल्या. सासूबाईंना आपण काय खाल्लं ते पुढच्या जेवणापर्यंतही आठवायचं नाही. ह्यांनी निकाल दिला. तुम्ही कमरेची किल्ली काढून ताटाजवळ ठेवलीत. "ठीक आहे गा. सुमनले गाडी समजते," म्हणालात, आणि भात मागितलात. तो भात मी वाढला.

जरीपटक्याचे एक टॅक्सीवाले गाडी न्यायला आले. तुम्ही सकाळी उठून ती धुतली होती. त्यांना शेजारी बसवून तुम्ही एकेक गोष्ट दाखवत होतात: थंडीत चोक अर्धाच ओढायचा, पहिल्या गिअरमध्ये घाई करायची नाही, डावं दार जरा उचलून लावायचं. ते "जी दीदी, जी दीदी" करत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा तुम्ही तिच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "पाय वं, कशी वळली." आणि आत आलात.

मग ह्यांनी सांगितलं, आता शेवरलेट आक्का चालवील, ती थोरली, तिचा हात चांगला. एवढं खोटं बोलून हाती काय आलं? तुम्ही म्हणालात, "नाई गा. एका गाडीले एकच हात पाहिजे, नाईतं गाडी नासते. सुमनच चालवीन. मी बाजूले बसतो." गाडीला एकच हात लागतो हे मी त्याआधी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ज्या बाईनं मला दोन दोन गाड्यांवर शिकवलं तिच्या तोंडून तर नाहीच. पण तेव्हा मी विचार केला नाही. मी जिंकले होते.

पुढची सगळी वर्षं तुम्ही डाव्या सीटवर बसलात. दर गुरुवारी आपण खाप्याला जायचो. तीनदाचं एकदा झालं. माझ्या पोरांना ताप आला, घरी पाहुणे आले, तर तेही हुकायचं. मग तुम्ही एसटीनं जायच्या, फवारणीचा पंप पायाशी घेऊन. एकदा मे महिन्यातल्या मंगळवारी उभ्यानं गेलात नि उभ्यानं आलात. मी म्हटलं, सांगितलं असतंत तर सोडलं असतं. तुम्ही म्हणालात, "तुले मंगळवार जमत नाई ना वं." त्यात टोमणा नव्हता, हेच मला बोचलं. टोमणा असता तर मी भांडले असते.

आणि त्या गुरुवारांमध्ये तुम्ही मला जे शिकवलंत! वळणाआधी पाय काढ. गाडीला अंग टाकायला वेळ दे, मग वळव. दूरचं बघ, चाकाजवळचं बघू नको. शेवरलेटच्या स्वभावातलं काही बदलत नव्हतं, पण माझा हात बदलत गेला. पाच-सहा वर्षांत ती माझ्या हातात प्लिमथसारखी वळायला लागली. लोक म्हणायचे, गाडी छान आहे. छान गाडी नव्हती, छान मास्तरीण होती. जिची गाडी मी घालवली, तिनंच मला ती राहिलेली गाडी चालवायच्या लायकीचं केलं.

आपला वाद मात्र सुटला नाही. सावनेरच्या पुढचं वळण आलं की तुम्ही विचारायच्या, "सांग, माह्या प्लिमथनं हे कसं घेतलं असतं?" मी म्हणायची, रडत रडत. तुम्ही हसायच्या. मी तरी काय करणार? एक खोटं बोललं की त्याला रोज भाकरी घालावी लागते. मी नवी नवी कारणं शोधायची. हळूहळू तुम्हीच ती कारणं पाहुण्यांना सांगायला लागलात. "सुमननं घाटात पारखून घेतली आहे ही गाडी," असं अभिमानानं सांगायच्या. माझी मान खाली जायची आणि लोकांना तो विनय वाटायचा.

एकदा सांगायची वेळ आली होती. जरीपटक्याला पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो आणि दुकानासमोर प्लिमथ उभी. लग्नाची होती, फुलांच्या माळा लावलेली. तेच टॅक्सीवाले. तुम्हाला बघून धावत आले. "दीदी, क्या ब्रेक है इसका! पहाड़ में ले जाता हूँ, मख्खन जैसी उतरती है," म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही विचारलंत, "दो मिनिट बैठू का भाऊ?" चपला बाहेर काढल्यात, आत बसलात, आणि उभ्या गाडीचा ब्रेक एकदाच दाबलात. हलका हात, मग अंगाचं वजन. "तसाच आहे," म्हणालात. बाहेर येऊन दार जरा उचलून लावलंत. "अच्छी रखी भाऊ," म्हणालात. मग येऊन माझ्या शेजारी, डाव्या सीटवर बसलात. मी तोंड उघडलं होतं, आक्का. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात तुम्ही "पडद्याले अस्तर लावू का?" असं विचारलंत आणि मी "लावू" म्हटलं.

त्यानंतर एवढी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. पोरं मोठी झाली. शेवरलेटला एखादा भाग लागला की घडवून घ्यावा लागायला लागला आणि ती शेडमध्येच जास्त उभी राहायला लागली. तुमचा श्वास लागायला लागला. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी रोज दुपारी यायची, मऊ भात घेऊन. त्या सोमवारी तुम्ही दोन घास खाल्लेत आणि उशीला टेकून म्हणालात, "सुमन, आता तरी सांग वं. कोनती बरी होती?"

तुमच्या डोळ्यांत तीच सावनेरच्या वळणावरची थट्टा होती. मी चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांचं ओझं, एका वाक्याचं. मी म्हटलं, "आक्का, प्लिमथ बरी होती. वळणावर, ब्रेकला, सगळ्यात. मी खोटं बोलले होते. मला गाडी हवी होती म्हणून."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग माझ्या हातावर हात ठेवलात आणि हसलात. "मी मरून राहिली म्हनून गोड बोलून राहिली का वं?"

"नाही हो आक्का, खरंच."

"चाल! घाटात आईले ओकारी झाली ती काहून झाली? सांबारवड्या खाल्ल्या होत्या तिनं. तूच तं सांगितलं."

"अहो, प्लिमथच्या दिवशी चार खाल्ल्या होत्या. मी लपवलं."

"काई लपवलं नाई." तुम्हाला धाप लागत होती तरी तुम्ही थांबेनात. "शेवरलेटचं स्टेरिंग कसं फुलावानी. वेग कसा. वळनावर कशी बसते. तुह्या हातात मी पायली ना, इतके वर्सं! मले समजत नाई का?"

मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं, मी तुमच्या जाण्यासाठी रडते आहे. तेही होतंच. तुम्ही मला गप्प करत राहिलात, माझ्याच कारणांनी माझ्या गाडीची बाजू घेत राहिलात, आणि नर्स येऊन "आजींना बोलू देऊ नका" म्हणाली. शुक्रवारी तुम्ही गेलात. मनात पक्कं धरून गेलात, की सुमन शेवटी आपलं मन राखायला एक गोड खोटं बोलली.

मला माफ केलंत का, हे विचारायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. मी गुन्हा कबूल केला आणि तुम्ही तो चांगुलपणात जमा केलात. शेवरलेटवाल्या आक्का म्हणून लोक तुमची आठवण काढणार, आणि त्यात माझ्या पारखण्याचं कौतुक होणार. आज दुपारी मी ह्यांना सगळं सांगितलं, चार वड्यांसकट. त्यांनी पेन काढलं. मग त्या पेपरच्या कागदावर आपल्या हातानं लिहिलं, 'त्या प्लिमथ गाडी उत्तम चालवत.' मला म्हणाले, "बस?" मी म्हटलं, बस. पण ते लोकांसाठी.

तुमच्यासाठी हे. तुम्ही आता मरून राहिल्या नाहीत, आक्का. गेल्या आहात. आता गोड बोलून तुमचा जीव शांत करायचा नाही, आणि मला काही मिळवायचं नाही. आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा. प्लिमथ बरी होती. वळणावरसुद्धा.